काचेवरची गोगलगाय: प्रस्तावना

घरातल्या फिश टँकमध्ये नवी झाडं लावली, की दोन-तीन आठवड्यांत काचेवर एखादी गोगलगाय दिसते. ती कुणी विकत आणलेली नसते, कुणी मुद्दाम सोडलेली नसते. आधी ती एकटीच असते आणि मुलांना तिचं कौतुक वाटतं. महिना-दीड महिन्यानं मात्र पानांखाली, फिल्टरच्या तोंडाशी, हीटरच्या नळीवर सगळीकडे गोगलगायी दिसू लागतात, आणि टाकीचा मालक दुकानात जाऊन विचारतो, यांच्यावर काही औषध आहे का? दुकानदार निळसर द्रवाची बाटली काढून देतो, नाहीतर गोगलगायी खाणारा एखादा मासा पिशवीत भरून देतो, आणि प्रकरण मिटलं असं दोघांनाही वाटतं. माझ्या मते ते तिथं मिटत नाही, कारण प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो. गोगलगाय टाकीत आली कशी हा एक प्रश्न. एकीच्या शंभर झाल्या कशा हा दुसरा. पहिल्याचं उत्तर झाडांच्या पानांवर असतं, दुसऱ्याचं माशांच्या खाद्याच्या डबीत. या पुस्तिकेतला सगळा व्यावहारिक सल्ला दुसऱ्या उत्तरावर उभा आहे. म्हणून ते उत्तर खरं कशावरून, आणि त्याच्याविरुद्ध काय काय म्हणता येतं, याचा विचार इथं सविस्तर करायचा आहे.

सुरुवात इतिहासापासून करणं बरं, कारण गोगलगाय ही टाकीतली उपरी आहे ही समजूत इतिहासाला धरून नाही. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली काचेच्या मोठ्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवून एक प्रयोग सुरू केला. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी घ्यावा, वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन माशांना मिळावा, आणि पाणी न बदलता दोघांनीही जगावं, अशी ती कल्पना होती. काही काळ सगळं सुरळीत चाललं. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा चिकट थर चढला. वॉरिंग्टन यांनी तेव्हा पाणी फेकून दिलं नाही. त्यांनी तळ्यातल्या काही लिम्निया गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि तो थर खाऊन टाकला, पाणी निवळलं, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली. हे निरीक्षण १८५० साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय खुलं झालं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि घरात टाकी ठेवण्याची हौस ब्रिटनभर पसरली. म्हणजे घरातल्या टाकीची कल्पना ज्या प्रयोगातून सिद्ध झाली, त्यात मासा आणि वनस्पती यांच्या बरोबरीनं गोगलगाय हा तिसरा आवश्यक घटक होता. तिच्यावाचून तो प्रयोग फसत चालला होता. आज फिल्टर आले, हवेचे पंप आले. पण कुजणारं पान आणि तळाशी पडलेला दाणा हे तेव्हा होते तसेच आजही आहेत, आणि ते खाणारा प्राणीही तोच आहे.

आपल्या टाक्यांमध्ये न सांगता-सवरता येणाऱ्या गोगलगायी चार-पाचच प्रकारच्या असतात, आणि त्या ओळखता येणं ही पुढच्या सगळ्या निर्णयांची पहिली पायरी आहे. सर्वांत जास्त आढळते ती फायसेला अक्यूटा. तपकिरी, पातळ, अर्धपारदर्शक शंख, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड डावीकडे उघडतं; बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर ती पटते. ड्रापार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०५ साली फ्रान्समधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, म्हणून ती बराच काळ युरोपची मानली गेली. प्रत्यक्षात तिचं मूळ उत्तर अमेरिकेत आहे, आणि पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर ती आता जगभर, भारतातही, पोचली आहे. दुसरी चपट्या गुंडाळीच्या शंखाची, दुकानात रॅमहॉर्न म्हणून ओळखली जाणारी. यात दोन वेगळे प्राणी येतात: फ्लोरिडाकडची प्लॅनॉर्बेला, आणि आपल्या तळ्यांमधली, भातखाचरांमधली इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, जिचं पहिलं वर्णन एकोणिसाव्या शतकात मलबारच्या नमुन्यांवरून झालं. या कुळाच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून रंगद्रव्य कमी असलेल्या रॅमहॉर्न लालभडक दिसतात. तिसरी लिम्निया, त्रिकोणी शिंगांची. चौथी, वाळूत दिवसभर गाडून घेणारी आणि रात्री बाहेर पडणारी मेलॅनॉइडीस ट्यूबरक्युलाटा. बाजारात तिला मलेशियन ट्रम्पेट म्हणतात, पण म्यूलर यांनी १७७४ साली तिला नाव दिलं ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. ती इथलीच आहे. आणि पाचवी, जिला बहुतेक जण गोगलगाय म्हणून ओळखतच नाहीत, ती फेरिसिया: काचेला चिकटलेली, चार-पाच मिलिमीटरांची, गुंडाळी नसलेली छोटीशी टोपी. तिचा उल्लेख पुढे रत्नागिरीच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

या सगळ्या झाडांबरोबर येतात. गोगलगाय म्हणून क्वचित, बहुधा अंडी म्हणून. फायसेला, रॅमहॉर्न आणि लिम्निया पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक जेलीत अंडी घालतात, आणि त्या जेलीत डझनावारी अंडी असली तरी ती पटकन नजरेला पडत नाहीत. आपल्याकडच्या उबदार पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं बाहेर येतात. एकच गोगलगाय आली तरी वंश थांबत नाही. या तिन्ही प्रकारांत प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही. एकटी पडलेली फायसेला आधी जोडीदाराची वाट पाहते, अंडी घालणं लांबवते, आणि कुणीच मिळालं नाही तर स्वतःच स्वतःची अंडी फलित करते. अशा पिल्लांत जगण्याचं प्रमाण कमी असतं, पण टाकी भरायला तेवढी पुरतात. मेलॅनॉइडीसची रीत आणखी वेगळी: तिच्यात जवळजवळ सगळ्या माद्या असतात, नराची गरज पडत नाही, आणि अंड्यांऐवजी तयार पिल्लंच बाहेर येतात. नवी झाडं तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवणं, तुरटीच्या पाण्यात बुडवून धुणं, किंवा प्रयोगशाळेत उतिसंवर्धनानं वाढवलेली डबीबंद रोपं घेणं हे उपाय या पुस्तिकेत दिले आहेत आणि ते करून पाहण्यासारखे आहेत. पण जेलीतल्या अंड्यांवर तुरटीचा असर पिल्लांवर होतो तितका होत नाही, हेही खरं. ज्या टाकीत जिवंत झाडं आहेत त्या टाकीत कधी ना कधी गोगलगाय येणार असं धरून चालणं शहाणपणाचं आहे.

म्हणून मूळ मुद्दा दुसऱ्या प्रश्नाचा, संख्येचा. रॉबर्ट आयझेनबर्ग या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाचा १९६६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथं फार मोलाचा आहे, आणि मत्स्यपालनाच्या हौशी पुस्तकांत तो जवळजवळ कुठंच उल्लेखलेला नसतो याचं मला आश्चर्य वाटतं. त्यांनी एका तळ्याच्या काठाला जाळीची कुंपणं घालून कप्पे केले. काही कप्प्यांतल्या प्रौढ लिम्निया गोगलगायी काढून घेतल्या, काहींमध्ये बाहेरून आणून वाढवल्या, काही तशाच ठेवल्या. साधा तर्क सांगतो, की जिथं प्रौढ जास्त तिथं पिल्लं जास्त. हंगामाच्या शेवटी मात्र कप्प्याकप्प्यांतल्या पिल्लांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. प्रौढ कमी होते तिथं प्रत्येकीनं जास्त अंडी घातली. दाटी होती तिथं कमी. मग त्यांनी काही कप्प्यांमध्ये पालकाची पानं टाकली, म्हणजे फक्त खाद्य वाढवलं. तिथं अंड्यांचं आणि पिल्लांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. संख्या प्रौढांवर ठरत नव्हती. किती आणि कसलं अन्न मिळतं यावर ठरत होती.

या प्रयोगाचा टाकीसाठी निघणारा अर्थ स्पष्ट आहे. रोज दहा गोगलगायी काढून टाकणारा माणूस आयझेनबर्ग यांच्या पहिल्या कप्प्यांसारखं काहीतरी करतो: उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न येतं, त्या जास्त अंडी घालतात, आणि चार आठवड्यांनी काच पुन्हा भरलेली दिसते. माशांना चिमूटभर जास्त खाद्य घालणारा माणूस पालकाचं पान टाकतो. कुणी म्हणेल, तळं आणि काचेची पेटी यांत फार फरक आहे, एकावरून दुसऱ्याचं अनुमान कसं काढता? फरक आहे खरा, पण तो या तर्काच्या बाजूनंच झुकतो. तळ्यात अन्न दहा वाटांनी येतं: झाडांची पडलेली पानं, गुरांचं शेण, पावसाबरोबर आलेला गाळ. टाकीत ते मुख्यतः दोनच वाटांनी येतं. एक मालकाच्या हातून पडणारं खाद्य, दुसरी प्रकाशावर वाढणारं शेवाळ, आणि प्रकाशही मालकच ठरवतो. म्हणून काचेवरच्या गोगलगायींची संख्या ही त्या टाकीत माशांना न लागलेल्या अन्नाच्या हिशेबाची वही आहे असं मी मानतो, आणि ती विनामूल्य मिळते. अमोनिया, नायट्राइट मोजायच्या किट बाजारात आहेत, त्या वापराव्यातही. पण पाणी बिघडण्याच्या आधीच, अन्न उरतंय एवढंच सांगणारी दुसरी कुठली खूण घरगुती टाकीत नाही. वाळूतल्या मेलॅनॉइडीस भरदिवसा झुंडीनं काच चढून वर येऊ लागल्या, तर पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतो आहे किंवा पाणी बिघडलं आहे असं समजून लगेच पाणी तपासावं. त्या कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यामुळे हे त्यांना माशांइतकंच लवकर जाणवतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत प्रबळ आक्षेप असा, की एवढा विचार करण्यापेक्षा औषधाची बाटली स्वस्त आणि झटपट आहे. निळसर द्रवात बहुधा तांब्याचा क्षार असतो, आणि तांबं गोगलगायींना मारतं यात शंका नाही. पण पुढचे परिणाम बघायला हवेत. तांब्याचा विषारीपणा पाण्याच्या जडपणावर अवलंबून असतो. मृदू पाण्यात तीच मात्रा कितीतरी जास्त घातक ठरते. तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून मुंबईला येणारं पाणी मृदू आहे, तर दख्खनच्या पठारावर बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. म्हणजे सोलापुरातल्या बोअरच्या पाण्यावर ज्या मात्रेनं माशांना काही झालं नाही, ती मात्रा दादरच्या टाकीत माशांचा जीव घेऊ शकते, आणि बाटलीवरच्या सूचनेत हा भेद क्वचितच सांगितलेला असतो. टाकीत कोळंबी असेल तर ती तर जातेच. शिवाय तांबं वाळूत आणि खडीत बसून राहतं. पुढे कधीतरी कोळंबी पाळावी असं वाटलं तर तीच वाळू वापरता येत नाही. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे औषध लागू पडण्याचाच परिणाम. शेकडो गोगलगायी एका रात्रीत मेल्या, की त्यांची मांसं वाळूत, फिल्टरमध्ये, दगडांच्या खाली कुजतात. अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि मासे मरायला लागले की मालकाला वाटतं औषधच जास्त झालं. इतकं करून वाचलेली काही अंडी उरतातच, आणि खाद्याची चिमूट पूर्वीइतकीच असली तर महिन्या-दोन महिन्यांत संख्या पूर्वपदावर येते. माशांच्या काही परजीवींवर वेगळ्या टाकीत तांबं वापरणं योग्य असू शकतं. गोगलगायींसाठी राहत्या टाकीत ते घालणं मला कुठल्याही परिस्थितीत पटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गोगलगायी खाणारा प्राणी सोडणं. हा ऐकायला नैसर्गिक वाटतो आणि म्हणूनच त्याबद्दल जास्त सावध राहायला हवं. दुकानात झेब्रा लोच म्हणून मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा मासा म्हणजे बोटिया स्ट्रियाटा. त्याचं पहिलं वर्णन १९२० साली तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून झालं. तो फक्त पश्चिम घाटातून निघणाऱ्या नद्यांत, महाराष्ट्रात कोल्हापूरकडच्या कृष्णेच्या उपनद्यांत आढळतो, आणि आययूसीएनच्या यादीत तो धोक्यात असलेली प्रजाती म्हणून नोंदलेला आहे. वाळू उपसा आणि सांडपाणी यांनी ज्या नद्यांमध्ये त्याचं जगणं कठीण केलं, त्याच नद्यांतून बाजारासाठी त्याला पकडलंही जातं. केरळच्या पंबेसारख्या नद्यांमधला जेमतेम तीन सेंटिमीटरांचा पी पफर, कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस, १९४१ साली सुंदरलाल होरा आणि नायर यांनी वर्णन केलेला, तोही असाच जोखमीच्या यादीत आहे. गोगलगायी तो आवडीनं खातो. संपल्या की कोरड्या दाण्यांकडे बघत नाही आणि सोबतच्या माशांचे लांब पंख कुरतडतो. काही आठवड्यांच्या अडचणीसाठी आपल्याच नद्यांतला दुर्मीळ होत चाललेला मासा आणून अपुऱ्या टाकीत उपाशी ठेवायचा, ही देवाणघेवाण मला अन्यायाची वाटते. आग्नेय आशियातली असॅसिन गोगलगाय, अनेन्टोम हेलेना, या दोघांपेक्षा बरी, कारण ती फार हळू वाढते. पण तीही जादा खाद्याचा प्रश्न सोडवत नाही. गोगलगायी आधी खात होत्या ते अन्न मग वाळूत कुजतं, आणि ते दिसत नसल्यामुळे मालक निर्धास्त राहतो.

गोगलगायी झाडं खातात हा तिसरा आक्षेप. यात तथ्य आहे, पण ते कुठल्या गोगलगायीबद्दल आहे हे महत्त्वाचं. स्वीडनमधले परिसरशास्त्रज्ञ क्रिस्टर ब्रॉनमार्क यांनी १९८५ साली दाखवलं, की गोगलगायींच्या सोबत वाढवलेलं सेराटोफायलम, म्हणजे आपल्या दुकानातलं हॉर्नवर्ट, त्यांच्याशिवाय वाढवलेल्यापेक्षा चांगलं वाढतं. गोगलगायी पानांवर बसलेला शेवाळाचा थर खरवडून खातात आणि पानांपर्यंत प्रकाश पोचतो. याच ब्रॉनमार्क यांनी सहकाऱ्यांबरोबर थायलंडमध्ये केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोमॅसिया कॅनॅलिक्युलाटा या मोठ्या अ‍ॅपल स्नेलनं पाणथळ जागांतल्या वनस्पती खाऊन फस्त केल्या आणि पाणी हिरवंगार गढूळ झालं. एकाच अभ्यासकाला दोन गोगलगायींनी दोन उलट निष्कर्ष दिले, आणि दोन्ही बरोबर आहेत. घरच्या टाकीत फायसेला, लहान रॅमहॉर्न किंवा मेलॅनॉइडीस असतील तर भोकं पडलेलं पान बहुधा आधीच मरत आलेलं असतं: पोटॅशियम कमी पडलेलं, किंवा पाण्याबाहेर वाढवून नुकतंच पाण्यात लावलेलं. लिम्निया मात्र कोवळी पानं खाते, आणि अ‍ॅपल स्नेलच्या कुळातल्या मोठ्या गोगलगायींपैकी बऱ्याच, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या आपल्या पायलासुद्धा, झाडांच्या टाकीत ठेवण्याजोग्या नाहीत. त्या दिसल्या तर हातानं काढाव्यात. त्या मोठ्या असल्यामुळे ते सोपंही असतं.

रोगाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, आणि त्याला हौशी मंडळी सहसा दोन टोकांची उत्तरं देतात: एक तर हसण्यावारी नेतात, नाहीतर घाबरून सगळी टाकी उकळत्या पाण्यानं धुतात. गोगलगायींच्या अंगात वाढून पुढे जनावरांत किंवा माणसांत जाणारे चपटकृमी आहेत, हे निर्विवाद आहे. लिव्हर फ्लूकचं जीवनचक्र लिम्निया वर्गातल्या गोगलगायींतून जातं, हे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडलं होतं. आपली इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या शिस्टोसोम कृमींची वाहक आहे. त्यातला एक कृमी गुरांच्या नाकात राहतो आणि त्यांना घोरायला लावतो. महाराष्ट्राचा याहून जवळचा संबंध रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावाशी आहे. माणसाच्या मूत्रमार्गातल्या शिस्टोसोमियासिसचं भारतातलं सर्वांत परिचित केंद्र म्हणजे हे गाव; १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी त्याची नोंद केली, आणि पुढे त्यांनी तिथल्या कृमीची वाहक म्हणून फेरिसिया या टोपीसारख्या गोगलगायीकडेच बोट दाखवलं. मग घरच्या टाकीतली फेरिसिया धोक्याची का नाही? कारण हे सगळे कृमी गोगलगायीच्या पिल्लांमध्ये वारशानं उतरत नाहीत. कृमीचं अंडं आधी गुराच्या, पक्ष्याच्या किंवा माणसाच्या मलमूत्रातून पाण्यात यावं लागतं, त्यातून निघालेल्या डिंभाला गोगलगाय सापडावी लागते, आणि गोगलगायीतून बाहेर पडलेल्या पुढच्या अवस्थेला पुन्हा एखादं गुर, पक्षी किंवा माणूस गाठावा लागतो. टाकीत ही साखळी तुटलेली असते. तिथं जन्मलेली गोगलगाय या कृमींपासून मुक्त असते. धोका उरतो तो तळ्यातून किंवा भातखाचरातून थेट आणलेल्या झाडांबरोबर आलेल्या पहिल्या पिढीचा, आणि तो मर्यादित काळाचा असतो. अशी झाडं दोन महिने तरी वेगळ्या बादलीत ठेवावीत, हातावर जखम असेल तर हातमोजे घालावेत, आणि सायफनची नळी तोंडानं ओढून सुरू करण्याची सवय तर कायमची सोडावी.

गोगलगायींमुळे टाकीवरचा भार वाढतो, त्यांची विष्ठा पाणी खराब करते, असंही म्हटलं जातं. यात नत्राचा एक साधा हिशेब विसरला जातो. गोगलगायीच्या विष्ठेतलं नत्र ज्या दाण्यातून आलं तो दाणा टाकीत आधीच पडलेला होता. ती नसती तर बुरशीनं आणि जिवाणूंनी तो कुजवला असता आणि तेवढाच अमोनिया तयार झाला असता. तिनं त्यात नवं नत्र घातलेलं नाही. आणि या गोगलगायी दिसायलाच वाईट दिसतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याचं कारण नाही. टाकी बघण्यासाठीच ठेवलेली असते. काकडीचा काप किंवा उकडलेल्या पालकाचं पान रात्री टाकीत ठेवून सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायींसकट काढणं हा उपाय खरोखर चालतो, पण खाद्य कमी केलेलं असेल तरच.

खाद्य कमी करायचं म्हटलं की पुढचा आक्षेप लगेच येतो: मासे उपाशी राहतील. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून त्याची गरज आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. तळाशी एकही दाणा न पडता दोन मिनिटांत मासे जेवढं खाऊन संपवतात, तेवढं दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही, एवढं निरोगी प्रौढ माशांना पुरतं. दिवा आठ तासांवर आणणं आणि टाकी खिडकीच्या उन्हातून हलवणं याला जोडलं की शेवाळाची वाटही अरुंद होते. गोगलगायींची संख्या मग लगेच उतरत नाही. आधी नवी पिल्लं दिसेनाशी होतात, नंतर मोठ्या हळूहळू संपतात. या नियमाला मी एक मोठा अपवाद मानतो: माशांची पिल्लं किंवा कोळंबी वाढवायची टाकी. तिथं दिवसातून तीन-चार वेळा खाद्य घालावंच लागतं, थोडं उरतंच, आणि ते उरलेलं खाणाऱ्या गोगलगायी तिथं पिल्लांचा जीव वाचवतात. अशा टाकीत त्यांची दाटी झाली म्हणून खाद्य कमी करणं चूक ठरेल.

अन्नासाठीची चढाओढ किती निर्णायक असते याचा एक मोठा पुरावा टाकीबाहेर, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर आहे. तिथं १९८०च्या दशकात माणसाच्या शिस्टोसोमियासिसची वाहक असलेल्या बायोम्फॅलेरिया गोगलगायींवर उपाय म्हणून मेलॅनॉइडीस ट्यूबरक्युलाटा मुद्दाम सोडण्यात आली, आणि तिनं स्पर्धेत बायोम्फॅलेरियाला बहुतेक ठिकाणांहून मागे हटवलं. आपल्या टाकीत जिला आपण उपद्रव म्हणतो, तिच्यावर तिथल्या आरोग्यव्यवस्थेनं भरवसा ठेवला. पण याच गोष्टीची दुसरी बाजू या पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे, आणि मला ती सगळ्यांत निकडीची वाटते: गोगलगाय टाकीत असताना तिच्यापासून फारसा धोका नाही, टाकीबाहेर गेल्यावर आहे. पोमॅसिया कॅनॅलिक्युलाटा १९८०च्या सुमाराला खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली, बाजार मिळाला नाही, लोकांनी सोडून दिली, आणि काही वर्षांत फिलिपाइन्सपासून थायलंडपर्यंत भाताच्या कोवळ्या रोपांचं अतोनात नुकसान झालं. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाकडच्या भातशेतीत त्याच कुळाची गोगलगाय शिरली, आणि युरोपीय संघानं २०१२ साली पोमॅसिया या संपूर्ण वंशाच्या आयातीवर बंदी घातली. भाताच्या खाचरांचा प्रदेश म्हणजे आपलं कोकण आणि गोवा. टाकीतून कंटाळून सोडलेले दक्षिण अमेरिकेतले सकर मासे भारतातल्या कितीतरी जलाशयांत आज घट्ट पाय रोवून बसले आहेत. गोगलगायीला तर तेवढ्याही मोठ्या पाण्याची गरज नाही.

म्हणून काढलेल्या गोगलगायी जिवंत कधीच बाहेर टाकू नयेत: विहिरीत नाही, देवळाच्या तळ्यात नाही, गणपती विसर्जनासाठी केलेल्या हौदात नाही, आणि नाल्यात तर नाहीच. फायसेला आणि रॅमहॉर्न काचेवरच बोटानं चिरडल्या तर मासे लगेच खाऊन टाकतात, आणि त्यांच्यासाठी ते चांगलं अन्न असतं. मोठ्या असतील तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच कचऱ्यात टाकाव्यात. छाटलेली झाडं आणि मुळं गच्चीवर उन्हात कुरकुरीत वाळेपर्यंत ठेवावीत, कारण त्यांच्या पानांवरची अंडी ओलावा असेपर्यंत जिवंत राहतात. टाकीतलं काढलेलं पाणी कुंड्यांना घालावं; त्यातलं नत्र झाडांना लागतं, आणि गच्चीवरच्या कुंडीतली माती दोन उन्हात वाळली की त्यात आलेलं गोगलगायीचं पिल्लू तिथून कुठल्याही पाण्यापर्यंत पोचू शकत नाही.